रक्तदाबाच्या वहीतली माझी ओळ

खोटा रक्तदाब मला लांबून ओळखू येतो, अशी आमच्या आरोग्य केंद्रात माझी ख्याती होती; आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा बराच मोठा होता. मी आरोग्य सहायक आहे. पाच उपकेंद्रांच्या नोंदवह्या तपासणं हे माझं काम. घरी बसून भरलेले आकडे शून्यावर संपतात, हे मी प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला शिकवत असे. एकशेवीस-ऐंशी, एकशेतीस-ऐंशी, एकशेचाळीस-नव्वद. खरं यंत्र इतकं गोल बोलत नाही. ते एकशेसदतीस म्हणतं, एक्क्याऐंशी म्हणतं. एवढं सांगून मी चष्मा काढून पुसत असे. चष्मा बहुतेक वेळा स्वच्छच असायचा.

ही विद्या मी कुठे मिळवली, हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. मी स्वतः सहा वर्षं खोटा रक्तदाब लिहीत आलो होतो, आणि तो शून्यावर संपणार नाही याची दरवेळी काळजी घेत होतो.

त्याचं असं झालं. अमडापूरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर, माझ्या देखरेखीतलं एक गाव लागतं. त्या गावाच्या यादीत रक्तदाबाचा एक रुग्ण उद्दिष्टापेक्षा कमी पडत होता. त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांच्या तपासणीत माझा रक्तदाब वाढलेला निघाला. या दोन अडचणींची मी एकमेकींशी गाठ घालून दिली. राहायला मी चिखलीला. पण रुग्ण म्हणून त्या गावचा झालो. दर महिन्याला वही तपासायला गेलो की माझ्या नावापुढची ओळ मीच भरत असे. एकशेबत्तीस-चौऱ्याऐंशी. पुढच्या महिन्यात एकशेचौतीस-शहाऐंशी. मग पुन्हा जरासा खाली. त्या चढउतारात एक समजूतदारपणा होता. एखाद्या आज्ञाधारक रुग्णाचा असावा तसा.

गोळ्या मला मिळत होत्या. त्या मी घेतही होतो, म्हणजे ताब्यात घेत होतो. कपाटातल्या खणात पाकिटं एकावर एक साठत होती. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग रोज गोळी कशाला, हे माझं खाजगी मत होतं. रक्तदाब कसलीही चाहूल न देता वाढतो, हे माझं जाहीर मत होतं. घरी बायको माझ्यासाठी सगळ्यांच्याच भाजीत मीठ बेतानं घालायची, पापड तळणं तिनं बंद केलं होतं. मी मात्र गावोगाव फिरताना, मीठ कमी खा असं ज्या घरी सांगायचो, त्याच घरी आग्रह झाला की ठेचा-भाकर खाऊन यायचो. नाही म्हटलं तर लोकांचं मन दुखावतं, असं मी मनाशी म्हणे. लोकांच्या मनाची इतकी काळजी मी इतर कुठल्याही बाबतीत घेतल्याचं मला आठवत नाही.

अशातच आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी एक तक्ता मागितला. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या, पण प्रश्न थेट विचारणाऱ्या. कोणत्या प्रकारच्या माणसांचा रक्तदाब औषध देऊनही ताब्यात राहत नाही, हे त्यांना गावागणिक पाहायचं होतं. रकाने ठरलेले होते: वय, स्त्री की पुरुष, शिक्षण, व्यवसाय, विवाहित की एकटं. शेवटी नियंत्रित की अनियंत्रित.

मला तक्ता करण्यापूर्वीच उत्तर माहीत होतं. सभांतून मी ते कितीदा तरी सांगितलं होतं. वय झालेलं, अक्षरओळख नाही, मजुरीवर जाणं, बाईमाणूस, त्यातून एकटी. अशा ठिकाणी औषध सुटतं, मंडळी, हा परिस्थितीचा दोष आहे. असं म्हणताना माझा आवाज आपोआप खाली उतरायचा. शिकलेला, नोकरदार, संसारी मनुष्य तेवढा औषध नियमित घेतो, हे मी उघड म्हणत नसे. ऐकणाऱ्यांनी माझ्याकडे पाहून ते ओळखावं अशी अपेक्षा असे.

बाकीच्या गावांचे तक्ते थोडेफार माझ्या अंदाजाच्या आसपास आले. त्या गावाचा मात्र उलटा निघाला. निंदणाला जाणाऱ्या बाया, बहुतेक साठीच्या आगेमागे, निम्म्याअधिक अंगठा उठवणाऱ्या, त्यातल्या कितीतरी विधवा, सगळ्या नियंत्रित. निवृत्त मास्तर, दुकानदार, दूध संकलनावरचा पदवीधर तरुण, हे सगळे अनियंत्रित. शिकलेल्या, संसारी पुरुषांत नियंत्रित असा एकच होता, आणि तो मी होतो.

माझ्याजागी दुसरा कोणी असता तर एवढ्यावर थबकला असता. मी वही पुन्हा उघडली. एका बाईच्या नावापुढे वर्षभराचे आकडे होते: एकशेसव्वीस, एकशेअठ्ठावीस, एकशेपंचवीस, पुन्हा एकशेसव्वीस. एकही शून्य नाही, फारसा चढउतार नाही. मला वाटलं, हे कोणीतरी माझ्यासारख्याच सफाईनं लिहिलं आहे. चोराला चोराच्या वाटा दिसाव्यात तसा मला तो हात दिसला, आणि तो दिसला याचा मला अभिमानही वाटला.

वही लिहिणारी त्या गावची आशा कार्यकर्ती होती. गावातलीच सून, पस्तिशीची. घरोघर जाऊन गोळ्या पोचवायची, महिन्यातून एकदा प्रत्येकाचा रक्तदाब मोजायची. सासरच्यांची नाराजी पत्करून तिनं हे काम धरलं होतं आणि नऊ वर्षं टिकवलं होतं. ग्रामसभेनं तिला निवडलं होतं. तिच्यावर खोटेपणा शाबीत झाला तर ग्रामसभाच तिला काढणार होती, आणि त्यानंतर तिला त्याच गावात, त्याच घरात राहायचं होतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी गोपनीय अहवाल लिहिला: ‘नोंदी घरी बसून भरल्याचा दाट संशय आहे.’ ‘दाट’ हा शब्द मी दुसऱ्या वाचनात घातला. वाक्य त्याच्याशिवाय बारीक वाटत होतं.

तिला सात दिवसांत खुलासा मागणारं पत्र गेलं. गोपनीय ते दोन दिवसही राहिलं नाही. तिसऱ्याच दिवशी तिनं खुलासा दिला: बायांना मी स्वतः मोजते. आणि मॅडमनी मला सांगितलं, “तुम्हीच जाऊन पडताळणी करा. बायांना जाग्यावर मोजा.”

श्रावणातला दिवस होता. गावात एकही बाई सापडली नाही. सगळ्या सोयाबीनच्या निंदणाला गेल्या होत्या. मी मोटारसायकल शेतात जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी लावली आणि यंत्राची पिशवी छातीशी धरून चिखलातून वावरात पोचलो. तोवर एक बूट चिखलाचा आणि दुसरा त्याहून चिखलाचा झाला होता. वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बाया गोल करून बसल्या होत्या. पुढ्यात भाकरीची फडकी होती, पण एकीनंही गाठ सोडली नव्हती.

टोळीची म्होरकी म्हणजे तीच, वर्षभर एकशेसव्वीसवाली. बारीक, काटक, एकटी राहणारी म्हातारी. सगळ्या तिला मावशी म्हणत.

“काऊन हो साहेब, आज वावरात?” ती म्हणाली. “रस्ता चुकले का?”

मी पडताळणीसाठी आल्याचं गंभीरपणे सांगितलं.

“म्हंजे आमच्या आशाताईवर ते चिठ्ठी तुम्हीच धाडली,” मावशी म्हणाली. तिचा स्वर रागाचा नव्हता; एखाद्या वस्तूचा मालक कोण हे नक्की करून घ्यावं तसा होता. “बसा. थांबा जरा. आमचं एक काम आहे, ते झाल्याबिगर भाकर सुटत नाई.”

तिनं पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत गोळ्यांची पाकिटं होती आणि प्रत्येक पाकिटाला लुगड्याच्या काठाची एकेक चिंधी गुंडाळलेली होती. हिरवी, जांभळी, ठिपक्यांची. जिचं पाकीट तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी. वाचता येण्याची गरजच ठेवलेली नव्हती. मावशी एकेक गोळी काढून देत होती, आणि एकीनं गिळली की बाकीच्या तिच्याकडे पाहत होत्या.

“जीभ वर कर वं,” कोणीतरी म्हणालं.

“केली ना. दात मोजतं का आता?”

“तुह्ये हायेतच किती?”

हसणं झालं. एक बाई उपासाची होती आणि गोळीनं उपास मोडतो का यावर अडली होती. “उपास देवाचा अन् गोळी सरकारची,” मावशी म्हणाली, “दोघं एकमेकाले इचारत नाईत. घे.” तिनं घेतली. एकीला ताप होता म्हणून ती आली नव्हती. तिची गोळी शेजारणीच्या पदराला बांधून दिली गेली. निंदण नसेल त्या दिवशी सगळ्या सकाळी मावशीच्या ओट्यावर जमतात, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. मग फडकी सुटली.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहत होतो आणि माझा अहवाल माझ्या डोक्यात तसाच उभा होता. मला वाटलं, मी येणार हे कळल्यामुळे हा देखावा केला आहे. म्हणून मी ताबडतोब मोजायला सुरुवात केली. मोजण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसवायचं, हात टेकवायचा, बोलू द्यायचं नाही, हा नियम मीच शिकवतो. त्या दिवशी मी तो मोडला. खरं सांगायचं तर आकडा वर जावा अशी माझी इच्छा होती. मावशीच्या दंडाला पट्टा बांधला. ती एका हातानं भाकर खात होती. एकशेएकोणतीस-एकोणऐंशी. दुसरी, एकशेचोवीस. तिसरी बोलतच होती, तरी एकशेतेहतीस.

मी ठरवलं की यंत्र बिघडलं आहे.

आता यापुढे मी जे केलं ते आठवलं की आजही एकटा असलो तरी मान खाली जाते. यंत्राची परीक्षा घ्यायची तर ज्याचा रक्तदाब पक्का माहीत आहे असा माणूस हवा. असा माणूस माझ्यासमोर होता, तो मीच. माझा रक्तदाब एकशेबत्तीस-चौऱ्याऐंशी असतो याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. सहा वर्षं वहीत तेच लिहिलेलं होतं. कोणी लिहिलं होतं, हे त्या क्षणी मला खरोखर आठवलं नाही. दुसऱ्यांना फसवण्यासाठी लिहिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवणारा त्या अख्ख्या तालुक्यात एकच माणूस निघाला.

मी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं, जणू त्यालाही खात्री करून घ्यायची होती. एकशेसत्त्याऐंशी-एकशेनऊ.

“बिघडलंय,” मी म्हणालो.

“आम्हावर तर बरं चाललं,” मावशी म्हणाली. “तुमच्यावर आलं अन् बिघडलं?”

मी दुसऱ्या हाताला बांधलं. आकडा दोनचं अंतर राखून तिथंच आला.

“गोळी हाये का तुमाले?”

“आहे.”

“घेता?”

“घेतो.”

“आज घेतली?”

मी पिशवीची चेन लावली, आणि उघडली.

“बरं, काल?” ती जराही न हसता म्हणाली. बाकीच्यांनी मात्र पदर तोंडाशी नेले होते. “घरी पायते कोन तुमाले, गोळी घेताना?”

“कोणी नाही. मी स्वतःच घेतो.”

“मंग ते नाई घेतल्यासारखीच,” मावशी म्हणाली. “आमच्यात चार जनींनी पायल्याबिगर कोनी गोळी घेतली असं आम्ही धरतच नाई. मानसाचं काय सांगता येते. मीबी पयले फेकत होती बाभयीच्या आड. आशाताईनं धरलं एक दिस.”

तेवढ्यात आशा कार्यकर्ती पांदीतून येताना दिसली. मी आल्याचं तिला कोणीतरी कळवलं असणार. चप्पल हातात, वही पदराखाली. ती गोलाच्या बाहेरच थांबली. यंत्राच्या पडद्यावर आकडा अजून तसाच होता आणि पट्टा माझ्या दंडाला. तिनं तो वाचला. मग वही उघडून हलक्या आवाजात विचारलं, “साहेब, हा आकडा लिहून घेऊ का?”

मी पट्टा सोडून पिशवीत कोंबला. तिनं आकडा लिहिला नाही. माझ्यासोबत ती मोटारसायकलपर्यंत आली.

“वहीत एक ओळ तुमच्या अक्षरात नाही,” मी म्हणालो. “खुलाशात ते का लिहिलं नाही?”

“तुमच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं साहेब. अन् लिहिलं असतं, तर कोनं ऐकलं असतं? तुम्ही वही तपासनारे.” तिनं वही पदराखाली सरकवली. “सासूबाई रोज इचारते, उत्तर आलं का म्हनून. परवा सातवा दिवस हाय, अन् निकाल नाई.”

त्या दुपारी मी केंद्रात बसून पहिलं पत्र लिहिलं. ‘प्रत्यक्ष पडताळणीत सर्व महिला रुग्णांच्या नोंदी बरोबर आढळल्या. संशय निराधार ठरला.’ पत्र चांगलं होतं. त्यात एक उदारपणा होता, आणि माझं नाव फक्त सहीपुरतं होतं. मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “महिला रुग्णांच्या असं का? अख्ख्या वहीत एकही खोटी नोंद नाही, असं लिहून द्या. नाहीतर तिला समज देऊन प्रकरण मिटवावं लागेल, आणि समज तिच्या फाइलला राहील.”

म्हणजे मला एक वाक्य लिहायचं होतं. ते लिहिलं तर ती सुटत होती आणि मीही सुटत होतो. माझ्यासारख्या अनुभवी माणसाला आणखी एक खोटी नोंद जड जायला नको होती. पण ते वाक्य तिच्या वहीबद्दल होतं, आणि उद्या कोणी वही उघडली असती तर खोटी ओळ तिच्याच पदरात पडली असती. मग जे सांगितलं ते काही धैर्यानं सांगितलं असं नाही. बराच वेळ मी प्रस्तावनाच करत होतो. मॅडम म्हणाल्या, “सर, मुद्दा.”

“वहीत एक ओळ खोटी आहे,” मी म्हणालो. “ती माझी आहे. सहा वर्षांची.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा विचारलं ते, “आज किती होता?” मी सांगितला. त्यांनी मला तिथंच आडवं केलं, पुन्हा मोजलं, हृदयाचा आलेख काढला आणि गोळी दिली. ती गिळताना त्या समोर उभ्या होत्या. त्यानंतरच त्यांनी माझ्याकडून दुसरं पत्र लिहून घेतलं. हा क्रम मी विसरलेलो नाही.

तिच्यावरचं पत्र रद्द झालं. रद्द केल्याचं पत्र ग्रामसभेत मीच वाचावं, अशी मी विनंती केली. वाचताना ‘दाट संशय’ या शब्दांपाशी आवाज चिरकला, आणि मागून कोणीतरी “पानी द्या साहेबाले” म्हणालं. मला खुलासा मागणारं पत्र आलं. वह्या तपासण्याचं काम काढून घेतलं गेलं आणि वेतनवाढ रोखली गेली. मॅडमचा तक्ता मी नव्यानं भरून दिला. पुरुष, पंचावन्न, पदवीधर, नोकरदार, विवाहित, अनियंत्रित. इतका नेमका आणि इतका कमी शब्दांतला मजकूर मी आयुष्यात दुसरा लिहिलेला नाही.

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, कपाटाचा खण उघडला आणि पाकिटांची ती थप्पी पाहत उभी राहिली. “सहा वर्षं मी अळणी खाल्लं,” ती म्हणाली, “ते कोणाच्या रक्तदाबासाठी?” त्या रात्री तिनं स्वतःच्या ताटात पापड तळून घेतला. माझ्या ताटात गोळी होती. मी ती गिळेपर्यंत तिनं घास घेतला नाही, आणि हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

त्या वहीत माझं नाव अजून आहे. काढून टाका, मी तर या गावचा नाही, असं मी सुचवून पाहिलं होतं. आशा कार्यकर्ती म्हणाली, “ओळ तुम्हीच घातली. आता राहू द्या.” दर महिन्याला मी उपकेंद्राच्या बाकावर रांगेत बसतो. बाया पुढे, मी मागे. तिनं मला माफ केलं आहे का, हे मला ठाऊक नाही. तिच्या चेहऱ्यावरून समजत नाही आणि विचारण्याचा अधिकार मला नाही. माझी पाळी आली की ती माझा हात टेबलावर ठेवते आणि पट्टा बांधते.

“पाच मिनिटं बसा साहेब,” ती म्हणते. “बोलू नका.”

मी बोलत नाही. पाच मिनिटं बरीच मोठी असतात, हे इतकी वर्षं इतरांना शिकवूनही मला माहीत नव्हतं. मग यंत्र घरघरतं, ती आकडा वाचते आणि तिच्या अक्षरात लिहिते. परवाचा एकशेएकावन्न-त्र्याण्णव होता. मावशी मागून डोकावली, आणि मला म्हणाली, “उतरून राह्यला हळूहळू. आज घेतली ना?”

“घेतली.”

“कोनं पायली?”

मी बायकोचं नाव सांगितलं.